‘राउंड मारा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या मंडळींमध्ये एक समज पक्का बसला आहे. विद्यार्थी पायथनमध्ये ०.१ + ०.२ लिहितो, पडद्यावर ०.३०००००००००००००००४ असे काहीतरी उगवते आणि तो हात वर करतो. सर सांगतात, ‘‘संगणकाला दशांश नीट जमत नाहीत. एवढ्याशा फरकाने काही बिघडत नाही. उत्तर दोन स्थळांपर्यंत छाप, नाहीतर राउंड मार आणि पुढे चल.’’ जरा जास्त विचार करणारे सर आणखी एक वाक्य जोडतात : नवशिक्याला आत्ताच यात पाडू नये, तो गोंधळतो; पुढेमागे कळेल.

यातले एकही वाक्य टिकणारे नाही. पण नुसते चूक म्हणून सोडून द्यावे एवढे हे उत्तर निरुपद्रवीही नाही. पणदऱ्यासारख्या गावातून क्लासला येणाऱ्या पोराच्या बाबतीत तर मुळीच नाही.

पणदरे बारामती-नीरा रस्त्यावर आहे. अलीकडे माळेगावचा कारखाना, पलीकडे सोमेश्वर, इंदापूरच्या बाजूला भवानीनगरचा छत्रपती. नीरा डाव्या कालव्याचे पाणी, त्यावर ऊस, आणि दारात दोन-चार गाई. इथल्या बऱ्याच घरांत पैसा येतो तो उसाच्या बिलातून आणि दुधाच्या बिलातून. ही दोन्ही बिले टप्प्यांवर चालतात, आणि टप्पा असतो ०.१ चा. उसाला साखर उताऱ्याचा ०.१ टक्का, दुधाला फॅटचा आणि एसएनएफचा (फॅट सोडून उरणाऱ्या घन पदार्थांचा) ०.१. संगणकाच्या नेहमीच्या दशांश साठवणीत, म्हणजे ‘फ्लोट’मध्ये, जी संख्या तंतोतंत मावत नाही, नेमकी तीच संख्या या तालुक्यातल्या दरांचे माप आहे. अशा ठिकाणी ‘एवढ्याशा फरकाने काही बिघडत नाही’ हे वाक्य शिक्षकाने उच्चारू नये.

उसाचेच पाहू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेली एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, अशी : उतारा १०.२५ टक्के असेल तर क्विंटलला ३५५ रुपये. त्यापुढे दर ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जास्त. आणि उतारा ९.५ च्या खाली घसरला तरी ३२९ रुपये ५ पैशांपेक्षा कमी नाही. क्लासमधल्या पोराला सांगा, यावर प्रोग्रॅम लिही. तो सरळ विचार करेल : उताऱ्यातून १०.२५ वजा कर, ०.१ ने भाग, पूर्णांक भाग घे म्हणजे टप्पे मिळाले, टप्पे गुणिले ३.४६. विचारात काही खोट नाही. आता उतारा १०.४५ घाला. कागदावर टप्पे दोन. प्रोग्रॅम सांगतो एक.

कारण १०.४५ ही संख्या यंत्रात अगदी किंचित कमी साठते. वजाबाकी केली की उरते ०.१९९९९९९९९९९९९९९३. तिला ०.१ ने भागले की दोनाला जेमतेम न पोचणारा आकडा येतो आणि पूर्णांक भाग घेणारी सूचना त्याचा निर्दयपणे एक करून टाकते. फरक दशांश चिन्हानंतर सोळाव्या स्थळी होता. बिलात तो क्विंटलला ३ रुपये ४६ पैसे झाला. टनाला ३४ रुपये ६० पैसे. शंभर टन ऊस घालणाऱ्या घराला ३,४६० रुपये. एवढासा फरक, म्हणे!

कारखान्यांची सॉफ्टवेअर अशी लिहिलेली असतात, असा माझा दावा नाही. माझा वाद शिकवणाऱ्यांशी आहे. त्यांचे दोन्ही उपाय याच उदाहरणावर लावून पाहा.

पहिला उपाय, दोन स्थळांपर्यंत छापा. मुलाने उत्तर चुकले म्हणून मधले आकडे छापून पाहिले. पडद्यावर येते : फरक ०.२०, टप्पा ०.१०, टप्प्यांची संख्या १. आता त्या पोराने काय समजायचे? छपाईतल्या दोन स्थळांनी आतली संख्या बदलत नाही, फक्त ती दिसेनाशी होते. चूक शोधण्याचा एकमेव धागा सरांनी स्वतःच्या हाताने झाकला, आणि वर त्याला ‘उपाय’ हे नाव दिले.

दुसरा उपाय, राउंड मारा. इथे सर जिंकल्यासारखे वाटतात, कारण भागाकारावर राउंड मारला की १.९९९… चे २ होतात. मग उतारा १०.३१ घाला. फरक ०.०६, म्हणजे टप्प्याचा सहा दशांश. राउंड मारल्यावर तो एक अख्खा टप्पा होतो. पूर्ण टप्पाच मोजायचा असा नियम मुलाला दिला असेल, तर न भरलेल्या टप्प्याचे पैसे आता वाटले गेले. आधीचा प्रोग्रॅम शेतकऱ्याच्या खिशातून घेत होता, नवा कारखान्याच्या. राउंडने चूक गेली नाही. तिने नियमच बदलला, आणि नियम बदलल्याचे कुणाला कळलेही नाही.

खरे उत्तर पाचवीच्या गणिताचे आहे. उतारा टक्क्याच्या शंभराव्या भागात, पूर्णांक म्हणून ठेवा : १०४५ वजा १०२५ बरोबर २०, टप्पा १०, २० भागिले १० बरोबर २. दर पैशांत : ३४६ गुणिले २ बरोबर ६९२ पैसे. कुठेही फ्लोट नाही, म्हणून कुठेही आश्चर्य नाही.

आता ‘संगणकाला दशांश जमत नाहीत’ या वाक्याकडे वळू. हे वाक्य मला सर्वांत जास्त खटकते, कारण त्याने यंत्र लहरी ठरते आणि विद्यार्थी कारण शोधायचे सोडतो. एक भागिले तीन दशांशात लिहायला गेलात तर ०.३३३… संपतच नाही. त्याबद्दल कुणी दशांश पद्धतीला दोष देत नाही. पाया दहाचा असेल तर छेदात फक्त २ आणि ५ चालतात. यंत्राचा पाया दोनचा, तिथे छेदात फक्त २ चालतो. दहात एक पाच आहे, म्हणून एक दशांश तिथे संपत नाही : ०.०००११००११००११… असा तो चालूच राहतो. नेहमीच्या ६४ बिटांच्या फ्लोटमध्ये जागा त्रेपन्न द्विमान अंकांची. तिथे शेपूट तोडून जवळात जवळची संख्या ठेवली जाते. ०.१ साठी ती ०.१ पेक्षा कणभर मोठी असते, ०.३ साठी कणभर लहान. म्हणूनच ०.१ आणि ०.२ यांची बेरीज साठवलेल्या ०.३ शी जुळत नाही.

यात लहर कुठे आहे? हा नियम १९८५ साली आयईईई ७५४ या मानकात लिहून ठरला. त्यामागे मुख्यतः विल्यम काहान या गणितज्ञाचे काम होते आणि त्यासाठी त्यांना १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्याआधी प्रत्येक कंपनीच्या यंत्राचे राउंडिंग वेगळे असे. एकच प्रोग्रॅम दोन यंत्रांवर दोन उत्तरे देई. आज बारामतीतल्या लॅबमधला संगणक आणि अमेरिकेतला संगणक ०.१ + ०.२ ला शेवटच्या अंकापर्यंत तेच उत्तर देतात, ही मानकाची कमाई आहे. जे उत्तर आधीच कागदावर काढून दाखवता येते, त्याला चूक म्हणायचे नसते.

आणि गंमत म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांचा हिशेब या यंत्राला छान मानवला असता. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, त्याआधी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे. आणा म्हणजे एक सोळांश, पैसा म्हणजे एक चौसष्टांश. दोन्ही द्विमानात शेपूट न ठेवता मावतात. (पै मात्र नाही. पैशाच्या तीन पया, आणि तीन आला की पंचाईत आली.) पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी ही पाढ्यांतली सगळी मंडळीही अशीच बिनशेपटाची. सव्वा, दीड, अडीच यंत्रात तंतोतंत बसतात. एक दशांश बसत नाही. दशमान नाणी आणून आपण माणसाची सोय केली, हे बरेच झाले. त्याची किंमत प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ओळखायची असते, एवढेच.

याच कारणाने क्लासमधली चाचणीही फसवते. दुधाचा आधारदर काढायचे माप ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ. उसाचा आधार १०.२५, तळ ९.५. हे चारही आकडे अर्ध्या-पावाचे आहेत, म्हणजे यंत्रात अचूक. सर उदाहरण म्हणून आधारभूत आकडेच घालतात, उत्तर चोख येते, वर्ग पुढे सरकतो. गडबड ३.६ ला आणि १०.४५ ला दडून बसलेली असते.

‘फरक फार लहान असतो’ या म्हणण्यात अर्धे सत्य आहे, ते मी नाकारत नाही. भुईकाट्याची पायरीच सहसा ५ किंवा १० किलोंची. तिथे सोळाव्या स्थळाची काळजी करणे हास्यास्पद. हवेचे तापमान, जमिनीतली ओल, पंपाचा दाब अशी मोजमापे फ्लोटमध्येच ठेवावीत. त्यासाठीच तो घडवला आहे आणि त्या कामात त्याला तोड नाही. पण लहान फरक लहानच राहतो तो उत्तर उतारावरून सरकावे तसे हळूहळू बदलत असेल तेव्हा. वाटेत टप्पा आला, ‘बरोबर आहे का’ असा प्रश्न आला, पूर्णांक भाग घ्यायची सूचना आली, की कणाचा अख्खा टप्पा होतो. हिशेबात टप्पे आहेत की नाहीत, हा पहिला प्रश्न. ‘फरक किती’ हा त्यानंतरचा.

फरक लहान म्हणणाऱ्यांना उत्तर देताना काहीजण पेट्रियट क्षेपणास्त्राची गोष्ट सांगतात, आणि तीही चुकीची सांगतात. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातल्या धहरान इथे इराकचे स्कड क्षेपणास्त्र अमेरिकी सैनिकांच्या तळावर पडले, २८ जण ठार झाले. पेट्रियट यंत्रणेने त्याचा माग काढलाच नव्हता. ‘बघा, फ्लोटने माणसे मारली’ असे म्हणतात. तिथे फ्लोट नव्हता. वेळ सेकंदाच्या दहाव्या भागात, पूर्णांकात मोजली जात होती आणि ती मोजणी अचूक होती. सेकंद काढताना तिला २४ बिटांच्या एक दशांशाने गुणले गेले, आणि त्या एक दशांशाची शेपूट तोडलेली होती. यंत्रणा शंभर तास बंद न करता चालली, तूट ०.३४ सेकंदापर्यंत साचली, आणि तेवढ्या वेळात स्कड अर्धा किलोमीटरहून पुढे जाते. दोष फ्लोटचा नव्हता, पण आकडा तोच होता : ०.१. म्हणजे फ्लोटला शिव्या देऊन सुटका होत नाही. आपण कोणते एकक निवडले आणि शेपूट कुठे तोडली, याचे उत्तर द्यावेच लागते.

हाच मुद्दा दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही लागू आहे. त्यांचा मंत्र असा : फ्लोट टाकून द्या, डेसिमल वापरा, प्रश्न मिटला. पायथनमध्ये डेसिमलची सोय २००४ पासून आहे, चांगली आहे, पैशांच्या हिशेबाला वापरावीच. पण प्रश्न मिटत नाही. शंभर रुपये तीन भावांत वाटा : ३३.३३ तीनदा, उरला एक पैसा. तो कोणाचा? डेसिमल सांगणार नाही. उसाकडेच परत या. १०.४५ उताऱ्याला क्विंटलला ३६१ रुपये ९२ पैसे, टनाला ३,६१९ रुपये २० पैसे. खेप १४ टन ३८५ किलोंची. पूर्णांकात, पैशांत आणि किलोत गुणाकार केला तर होतात ५२,०६,२१९.२ पैसे. तो ०.२ पैसा तिथेच सोडायचा, की हंगामभराच्या खेपा एकत्र करून शेवटी एकदाच सोडायचा? दोन्ही रीती चालतील, दोन्हींची उत्तरे मात्र काही पैशांनी वेगळी येतील. हे यंत्र ठरवत नाही. पावती देणारा आणि घेणारा ठरवतात, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ते विचारून घ्यावे लागते.

राउंडचेही तसेच. जीएसटी कायद्याच्या कलम १७० प्रमाणे कराच्या रकमेतले पैसे ५० किंवा जास्त असतील तर पुढचा रुपया धरायचा, कमी असतील तर सोडायचे. १,२४८ रुपये ५० पैशांचे १,२४९ व्हायला हवेत. पायथनची राउंड सूचना देते १,२४८. इथे साठवणीची काही भानगड नाही, अर्धा रुपया यंत्रात अचूक बसतो. पायथनचा नियमच वेगळा : बरोबर मध्यावर असलेली संख्या जवळच्या सम संख्येकडे जाते. जावास्क्रिप्टची तशीच सूचना १,२४९ देते. उलट २.६७५ ला दोन स्थळांपर्यंत राउंड करा, पायथन २.६७ देतो, तिथे मध्याचा नियम लागूच होत नाही, कारण साठवलेली संख्या मुळात २.६७५ पेक्षा किंचित कमी आहे. दिसायला दोन्ही सारखी ‘राउंड चुकला’ अशी तक्रार. कारणे मात्र दोन, उपायही दोन. ‘राउंड मार’ सांगणाऱ्या सरांनी कोणता राउंड, हे मुलाला कधी सांगितले?

आता उरला तो शेवटचा आणि सर्वांत मायाळू आक्षेप : नवशिक्या गोंधळतो. मला हे मान्य नाही, निदान या भागात तरी नाही. ज्या घरात रोज सकाळ-संध्याकाळ दुधाची पावती येते, त्या घरातल्या पोराला फॅटचा एक पॉइंट म्हणजे काय हे व्हेरिएबल म्हणजे काय याच्या कितीतरी आधी कळलेले असते. त्याला दरपत्रकाचा प्रोग्रॅम द्या : फॅट ३.० पासून सुरू कर, दर वेळी ०.१ मिळव, ४.० पर्यंत ओळी छाप. अकरा ओळी यायला हव्यात, येतात दहा. दहाव्या बेरजेनंतर आतला आकडा ४.००००००००००००००१ झालेला असतो, म्हणून ‘४.० पेक्षा जास्त नको’ ही अट शेवटची ओळच गाळते. वाटेतला ३.५ सुद्धा ३.५००००००००००००००४ झालेला; ‘फॅट ३.५ असेल तर आधारदर’ ही अट त्या ओळीवर लागूच होत नाही. आता शून्यापासून सुरू करून दहा वेळा ०.१ मिळवा : ०.९९९९९९९९९९९९९९९९. तिथे जास्त, इथे कमी. चार फॅटच्या दुधाला दरच नाही, हे पाहिल्यावर पोरगे गोंधळत नाही. ते चिडते आणि कारण विचारते. मग ३० ते ४० पूर्णांक मोजून छापताना दहाने भागायला सांगा. सगळ्या ओळी येतात, आणि का येतात तेही त्याला कळते.

गोंधळतो तो मुलगा वेगळा. ज्याला तीन वर्षे ‘राउंड मार’ सांगितले आणि मग नोकरीच्या मुलाखतीत कुणी विचारले की ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये ०.७ ठेवून त्याची ६४ बिटांच्या ०.७ शी तुलना केली तर काय होईल. सी भाषेच्या मुलाखतींतला हा जुना, ठरलेला प्रश्न. पाठ करणारा ‘लहान’ म्हणून सुटतो. मग समोरचा ०.७ च्या जागी ०.८ घालतो, उत्तर ‘मोठा’ होते, ०.५ घालतो, ‘समान’ होते. आणि पाठांतर संपते. ३२ बिटांच्या साठवणीत ०.७ ची शेपूट खाली तुटते, ०.८ ची वर, आणि ०.५ ला शेपूटच नाही, एवढे माहीत असलेल्याला तिन्ही उत्तरे सापडतात.

वेळ नाही, अभ्यासक्रम मोठा आहे, असेही सांगितले जाते. पण यासाठी वेगळा धडा लागतो कुठे? व्हेरिएबल शिकवताना किमतीचे उदाहरण रुपयांऐवजी पैशांत द्यायचे, वजनाचे टनाऐवजी किलोत, उताऱ्याचे टक्क्याच्या शंभराव्या भागात. जागा पुरेल का अशी शंका असेल तर तीही फेडता येते : अगदी फ्लोटमध्ये ठेवले तरी पूर्णांक पैसे सुमारे ९० लाख कोटी रुपयांपर्यंत तंतोतंत राहतात, आणि केंद्र सरकारचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प जवळपास ५० लाख कोटींचा आहे. उसाचे बिल त्याच्या आत बसेल.